उगीच धावण्याविषयी

"आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य मराठीत पहिल्यांदा कोणी उच्चारलं, ते सांगता येत नाही. पण तो माणूस चाळिशी ओलांडलेला असावा आणि त्याच्यासमोर कोणीतरी पोरगेलासा इसम जिना चढून धापा टाकत असावा, एवढं नक्की. माझे आजोबा सांगत, की त्यांचे आजोबा चिखलात रुतलेली बैलगाडी खांदा लावून एकट्यानं बाहेर काढीत. त्या आजोबांना विचारलं असतं, तर त्यांचे आजोबा बैलांसकट काढीत असणार. हा हिशेब असाच मागे नेत गेलं, तर आपण दहाबारा पिढ्यांत हजार हत्तींचं बळ असलेल्या भीमसेनाच्या दारात जाऊन उभे राहतो. आणि पुढे आणला, तर आणखी दोन पिढ्यांनी मराठी माणसाला स्वतःची पापणी उचलायला मदतनीस ठेवावा लागेल.

म्हणून या वाक्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही. म्हातारपणी माणसाची नजर अधू होते तशी स्मरणशक्ती पहिलवान होते, असं मी समजून चाललो होतो. पण या खेपेला पंचाईत अशी झाली आहे, की म्हाताऱ्यांच्या बाजूनं चक्क शास्त्रज्ञ उभे राहिले आहेत.

२०१३ साली अमेरिकेत हृदयरोगतज्ज्ञांचं एक संमेलन भरलं. तिथे एक निबंध वाचला गेला. १९६४ ते २०१० या काळात २८ देशांतल्या अडीच कोटी मुलांना पळायला लावून केलेल्या मोजण्यांचा तो गोषवारा होता. निष्कर्ष असा, की मुलांचा दम दर दहा वर्षांमागे सुमारे ५ टक्क्यांनी कमी होत आला आहे. तीस वर्षांपूर्वीचं मूल एक मैल जेवढ्या वेळात पळे, त्याहून आजच्या मुलाला दीड मिनिट जास्त लागतं. आता दीड मिनिट म्हणजे काय फार नाही, असं तुम्ही म्हणाल. ज्यांनी एस.टी.ची दीड दीड तास वाट पाहिली, त्यांना दीड मिनिटाचं काय! पण इथे उशिरा येणारी गाडी आपण स्वतःच आहोत.

जपान्यांचं तर विचारूच नका. ते १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकपासून दर वर्षी आपल्या पोरांना पळवताहेत, उड्या मारायला लावताहेत आणि वहीत लिहून ठेवताहेत. त्या वहीत १९८५ च्या सुमाराला शिखर दिसतं आणि मग उतार. नंतरच्या मोजण्यांत असंही दिसलं, की बऱ्याच सधन देशांत ही घसरण २००० सालाच्या आसपास थांबल्यासारखी झाली. पण त्यात आनंद मानायचं कारण नाही. विहिरीत पडलेला माणूससुद्धा तळाला लागला की पडायचा थांबतोच.

मोठ्या माणसांची तऱ्हा याहून वेगळी नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या मासिकात २०२४ साली जगभरचा हिशेब आला. भारतात २००० साली शंभरातले बावीस प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२ साली हा आकडा जवळजवळ पन्नासावर गेला. पुरेशी म्हणजे किती? आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, किंवा त्याच्या तोडीचं काहीही. दीडशे मिनिटं म्हणजे एक हिंदी सिनेमा. तो बसून बघायला आपल्याला वेळ मिळतो.

बसण्यानं काय होतं, हे इंग्रजांनी फार पूर्वीच शोधून ठेवलं होतं. १९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरानं लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच गाडीत, एकाच धुरात, एकाच खात्याच्या नोकरीत दोघं. पण दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त आणि दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. तीन वर्षांनी त्याच मंडळींनी गणवेशांच्या पाटलोणींची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली. म्हणजे माणसाचं भविष्य हातावर नसून शिंप्याच्या वहीत असतं. आमच्या जिंतूर-येलदरी गाडीच्या कंडक्टरला मी हे सांगितलं. तो गर्दीत तिरपा उभा होता. म्हणाला, "गुरुजी, मला बसायला जागा तरी कुठंय?" तंदुरुस्तीचं इतकं नेमकं कारण लंडनच्या डॉक्टरलाही सापडलं नसेल.

मी राहतो येलदरीला. परभणी जिल्हा, जिंतूर तालुका. गाव लहान, पण पूर्णा नदीवरचं आमचं धरण मोठं. १९६८ साली ते पुरं झालं. लांबी चार किलोमीटरहून जास्त. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं, तर दहा हजार पावलं आरामात भरतात. हा हिशेब मी केला, कारण पुण्याहून आमच्या चिरंजीवांनी मला एक घड्याळ पाठवलं आहे. ते वेळ सांगतंच, पण त्याचा खरा धंदा माझी पावलं मोजण्याचा. पूर्वी माणसं पुण्यासाठी जपमाळ ओढीत. आता पावलं मोजतात. दहा हजार झाली की घड्याळ मनगटावर थरथरतं. प्रसन्न होऊन देव कौल देतो तसं. पुढे कळलं, की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या ऋषीनं किंवा वैद्यानं सांगितलेला नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. आपण ज्याला आरोग्यशास्त्राचा सिद्धांत समजून घाम गाळत होतो, ती दुकानावरची पाटी निघाली. चालणं चांगलं, यात शंका नाही. पण साडेनऊ हजारांवर थांबलो म्हणून रात्री झोप न लागण्याचं कारण नाही.

तर आम्ही चारपाच पेन्शनर मंडळी पहाटे धरणाच्या बाजूच्या रस्त्यानं फिरायला जातो. वाटेत लिंबाच्या पारावर गावातले एक मामा बसलेले असतात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे रजेवर गेलेले, हातात काठी. कोणाचे मामा ते आता कोणालाच आठवत नाही, गावाचेच मामा. एक दिवस त्यांनी मला हटकलं.

"गुरुजी, कुठं निघालात एवढ्या घाईनं?"

"कुठं नाही मामा. फिरायला."

"मंग घाई कामून?"

तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं. कुठेही जायचं नाही आणि लवकर पोचायचं आहे, ही गोष्ट मामांना समजावून सांगणं अवघड. तेव्हा मी विषय बदलला. म्हटलं, "मामा, काय ताकद होती हो तुमच्या पिढीची! धरणाच्या कामावर डोक्यावरून दगड वाहिलेत तुम्ही. आताच्या पोरांना दप्तर उचलत नाही."

मामा हसले. म्हणाले, "ताकद कशाची गुरुजी? मुकादम होता."

"म्हणजे?"

"म्हंजे मुकादम उभा ऱ्हायचा. खाली बसलं की हजेरी कापायचा. म्हनून उचलायचो. त्याला तुम्ही ताकद म्हन्ता?"

त्या दिवशी माझी दहा हजार पावलं भरली की नाही, मला आठवत नाही. घड्याळाला आठवत असेल. पण 'आमच्या वेळी' या वाक्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. जुन्या माणसांच्या अंगात बळ होतं, हे खरं असेलही. पण ते तिथं कसं आलं, हे कोणी विचारत नाही. आजीचे दंड बारवेतून पाणी शेंदून घट्ट झाले, हे आपण कौतुकानं सांगतो. पण आजीला कोणी विचारलं होतं का, की बाई, तुला दंड हवेत की नळ? परभणीच्या नळाला आज येलदरीचं पाणी जातं. तिथल्या सुनांचे दंड त्यामुळं ढिले पडले असतील, तर पडोत बिचारे. मी त्या ढिलेपणाला समाजाची प्रगती म्हणायला तयार आहे.

मामांनी १९७२ चा दुष्काळही अंगावर काढला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. खडी फोडत होती, रस्त्यावर माती टाकत होती, सुकडी आणि मिलो खात होती. हालचालीच्या हिशेबात बघाल, तर त्या वर्षी मराठवाड्याएवढी 'अॅक्टिव्ह' जनता जगात क्वचितच असेल. आठवड्याला दीडशे मिनिटं? ती तर सकाळी पहिल्या दोनतीन तासांतच व्हायची. पण त्या साली इथला कोणी माणूस तंदुरुस्त होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आकडे बघितले तरी हीच गोष्ट दिसते. २००५-०६ सालच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या पस्तीस-छत्तीस बायका प्रमाणाबाहेर हडकुळ्या होत्या आणि बारातेरा प्रमाणाबाहेर जाड. २०१९-२१ च्या पाहणीत हडकुळ्या एकोणीसवर आल्या, जाड चोवीसवर गेल्या. पंधरा वर्षांत काटा या टोकावरून त्या टोकाला गेला. मधे, जिथे तो थांबायला हवा होता, तिथे तो नुसता हात हलवून पुढे गेला.

आणि या दोन टोकांचं आपसांत नातं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवती बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आमच्याकडचं बाळ जन्मतं तेव्हा सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण या काडीपैलवानाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र राखून ठेवलेली. घरात दाणा नसताना कुठल्याशा गाडग्यात मूठभर शेंगदाणे लपवून ठेवणाऱ्या आजीसारखं हे शरीर वागतं. २००४ साली याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापले. दोघांचं उंचीच्या हिशेबातलं वजन तंतोतंत सारखं. बघणाऱ्याला वाटावं, दोघेही एकाच साच्यातले शिडशिडीत. पण अंगातली चरबी मोजली, तर लंडनकरांची ९.१ टक्के आणि पुणेकरांची २१.२ टक्के! म्हणजे आपल्या पोटाचा घेर हा सगळाच आपल्या आळसाचा पुरावा नव्हे. त्यात पणजीच्या उपासांचं व्याजही मिळवलेलं असतं. तेव्हा कोणाच्या पोटाकडे बघून त्याच्या चारित्र्याचं प्रमाणपत्र लिहायला बसू नये. मोर्निंग वॉकवाल्यांनी तर मुळीच नाही. पहाटे पाचला उठलेला माणूस दिवसभर उरलेल्या जगाला क्षमा करत हिंडतो, तो एक वेगळाच विकार आहे.

मग प्रश्न असा, की तंदुरुस्त राहणं हे माणसाचं कर्तव्य आहे का? आणि असेल, तर कोणाचं?

कर्तव्य म्हणून शरीर कमावणारी माणसं आपल्याकडे झाली आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. त्या मंडळाच्या पोरांनी १९३६ साली थेट बर्लिनच्या ऑलिंपिकला जाऊन आपले देशी खेळ गोऱ्या लोकांना करून दाखवले. साताऱ्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातल्या शाळांतही घालायला लावीत. आम्ही त्या वेळी निजामाच्या राज्यात होतो. १९४८ पर्यंत आमच्याकडून वेगळेच नमस्कार घालून घेतले जात. पण तालमीचं म्हणाल, तर तिथं दूध पिऊन जाणारा पोरगा जाई. मामांसारखा पोरगा दगड वाहून दमलेला असे. आणि पोरगी? तिच्या हातात हंडा असल्यामुळं तिला जोरजोड्या करायला हात मोकळे नव्हते.

पुढं शाळा झाल्या, पी.टी.चे तास आले. आता मी शाळेतच आयुष्य काढलेला माणूस, म्हणून एक गोष्ट खात्रीनं सांगतो. आपल्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांच्या मनावर बिंबवलं आहे, की व्यायाम ही शिक्षा आहे. गृहपाठ केला नाही? काढ दहा उठाबशा. वर्गात बोललास? मार मैदानाला दोन चकरा. आणि शहाण्यासारखा वागलास, तर? "शाब्बास! बस खाली." म्हणजे सगळ्यात गुणी मुलगा तो, जो अजिबात हलत नाही. मग हाच गुणी मुलगा मोठा होतो, साहेब होतो, खुर्चीत बसतो, आणि चाळिसाव्या वर्षी डॉक्टर त्याला सांगतात, की तुम्ही हललं पाहिजे. तो मनातल्या मनात विचारतो, "पण साहेब, मी काय गुन्हा केला?"

घरीही तेच. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमछाक करणारी हालचाल हवी. आपण म्हणतो, हवी हो, पण कुठं? नदीवर जाऊ नको, पाणी खोल आहे. रस्त्यावर जाऊ नको, ट्रॅक्टर भरधाव येतात. झाडावर चढू नको, पडशील. गच्चीवर उड्या मारू नको, खालचे ओरडतात. मैदानावर जा म्हणावं, तर तिथं संकुल झालं आहे. मग पोरगं हातात फोन घेऊन कोपऱ्यात बसतं आणि आपण त्याच्याकडे बघून सुस्कारा सोडतो, "आमच्या वेळी असं नव्हतं!" कसं असेल? तुमच्या वेळी तुमचे आईबाप तुम्हाला घराबाहेर हाकलत होते, आणि घराबाहेर काहीतरी शिल्लक होतं.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. त्या २०२२ च्या हिशेबात भारतातल्या शंभरात बेचाळीस पुरुष पुरेशी हालचाल न करणारे, आणि बायका सत्तावन्न. मोजणीत घरकाम धरूनही सत्तावन्न. मला आधी हे खरं वाटेना. मग मी आमच्या सौ.कडे नीट लक्ष दिलं. मी पहाटे फिरायला निघतो तेव्हा नुसता निघतो. त्या संध्याकाळी निघतात तेव्हा हातात पिशवी घेतात. एकदा मी पिशवीत डोकावून पाहिलं, तर ती रिकामी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "रिकाम्या हातानं चालत असलं, की चार जण विचारतात, काय वहिनी, काय झालं? पिशवी असली की कोणी विचारत नाही."

म्हणजे ती पिशवी नव्हे, परवाना होता. बाईमाणसानं रस्त्यानं चालायचं, तर काहीतरी कारण पाहिजे: भाजी, देऊळ, दळण, आजारी जाऊ. गड्यानं विनाकारण भटकावं. त्याला फारतर कोणी टवाळ म्हणेल. बाई विनाकारण चालू लागली, तर गाव थांबून बघतं.

मला वाटतं, या सगळ्या प्रश्नाची गाठ तिथंच आहे. हजारो वर्षं माणसाचं अंग कोणा ना कोणा मुकादमाच्या धाकानं हललं. कधी तो मुकादम खराखुरा होता, कधी त्याचं नाव भूक होतं, कधी सासू, कधी दुष्काळ. विजेनं, नळानं, एस.टी.नं आणि धरणानं यातले बरेचसे मुकादम घरी पाठवले. फार चांगलं झालं. पण मुकादम गेल्यावर स्वतःहून हलायचं कसं, हे आपण शिकलोच नाही. आपण दमलेल्या मजुरासारखे मटकन् खाली बसलो. आणि आता बसून बसून दुखायला लागलं, तर मनगटावर नवा मुकादम बांधून घेतला. तो हजेरी कापत नाही एवढंच. बाकी थरथरतो, ओरडतो, आणि रात्री हिशेब मागतो.

कर्तव्यच म्हणायचं असेल, तर माझ्या मते ते पोटाचा घेर मोजण्याचं नाही. प्रत्येक पोराला, पोरीला आणि बाईला उगीच धावता येईल एवढी जागा आणि एवढी मोकळीक ठेवणं, हे ते कर्तव्य. ज्या गावात लहान मुलगी आणि साठीची बाई कारणाशिवाय, पिशवीशिवाय, परवानगीशिवाय संध्याकाळी भरभर चालू शकतात, ते गाव तंदुरुस्त. बाकीच्या गावांत नुसते पहिलवान असतात.

दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून आली होती. वय वर्षं आठ. पुण्यात तिच्या सोसायटीत 'येथे खेळू नये' अशी पाटी आहे, त्यामुळं इथं मोकळा रस्ता दिसल्यावर तिला काय करावं ते पहिल्या दिवशी समजेना. दुसऱ्या दिवशी समजलं. लिंबाच्या पारापासून हातपंपापर्यंत आणि हातपंपापासून पुन्हा पारापर्यंत तिच्या चकरा सुरू झाल्या. तोंड लाल, केस विस्कटलेले, एक चप्पल कुठंतरी मागे राहिलेली. मामा पारावरच बसले होते. तिसऱ्या की चौथ्या चकरेला त्यांनी तिला हटकलं.

"कुठं निघाली गं बाय, एवढी पळत?"

"कुठंच नाही!" ती न थांबता ओरडली.

"मंग पळ," मामा म्हणाले, आणि तिच्या वाटेतली आपली काठी त्यांनी बाजूला घेतली.